दोन वर्षांच्या मुलाला घेऊन बाबाने एकट्याने डोंगरात फिरायला जावं का? नाशिकजवळ सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगा दोन वर्षांचा, बायकोची शनिवारी ड्युटी असते, लग्नाआधी भरपूर ट्रेकिंग केलंय आणि आता त्याला घेऊन जावंसं वाटतं पण एकट्याला झेपेल का ही धाकधूक आहे. झेपतं हो दादा, बिनधास्त जा. माझी लेक दीड वर्षाची असल्यापासून आम्ही दोघंच फिरतोय, आता ती तीनची होईल, आणि मीही नाशिकचाच त्यामुळे इथलंच सांगतो.

सगळ्यात आधी माथ्यावर पोचायचं हे डोक्यातून काढून टाका. तुम्ही ट्रेकर आहात म्हणून मुद्दाम सांगतोय, आपल्याला सवय असते टॉप गाठायची, आणि पोरगं खालीच खडे वेचत बसलं की आपला जीव वर अडकलेला असतो. त्याला वर काय आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याचा ट्रेक गाडीतून पाय खाली ठेवला की तिथेच सुरू होतो.

सुरुवात पांडवलेणीपासून करा. गाडी पायथ्यापर्यंत जाते, खाली फाळके स्मारक आणि वनोद्यान आहे, वर जायला साधारण २०० पायऱ्या. सकाळी लेणी उघडायच्या वेळेलाच पोचा म्हणजे ऊन चढायच्या आत परत खाली. आम्ही सुरुवातीला गेलो तेव्हा अर्ध्या वाटेवर मुंगळे एक मेलेला नाकतोडा ओढत नेत होते, पायरीच्या काठाशी आला की तो खाली पडायचा, मुंगळे परत उतरून त्याला धरायचे, आणि ही प्रत्येक वेळी "बाबा, पल्ला!" म्हणून टाळ्या. किती वेळ बसलो काय माहित, मागून येणारे लोक आम्हाला वळसा घालून जात होते. लेणी त्या दिवशी बघितलीच नाहीत आणि दिवस मस्त गेला. आता ती १८ नंबरच्या चैत्यगृहापर्यंत बरचसं स्वतः चालत जाते, आत आवाज घुमतो हे तिला कळलंय, मग हळूच "ऊऽऽ" करते आणि माझ्या तोंडाकडे बघते. तिथेच ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने आपल्या मुलाचं केलेलं कौतुक, जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचं. पोरीला कडेवर घेऊन तो बघताना मला फार भारी वाटतं.

आणि एकाच जागी परत परत जा, हे माझं ठाम मत आहे. आपल्याला वाटतं दर शनिवारी नवीन स्पॉट पाहिजे, पण या वयात ओळखीची जागा म्हणजेच मजा, कुठल्या पायरीवर पाणी साचतं, कुठलं कुत्रं कुठे झोपतं हे त्यांना पाठ होतं आणि मग ते आपल्यालाच पुढे होऊन दाखवतात.

थंडीत नांदूरमध्यमेश्वरला न्या, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ, २०२० साली महाराष्ट्राची पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झाली ती हीच. दोन वर्षांच्या मुलाला दुर्बिणीतून काही दिसत नाही, त्याच्या हातात दुर्बीण म्हणजे खेळणं, म्हणून लांबच्या पक्ष्यांच्या नादी लागू नका. काठालगत जांभळी पाणकोंबडी दिसते, मोठी, निळी-जांभळी, लाल चोच, लाल लांब पाय, पाणवनस्पतींवरून एकेक पाय उचलत चालते. माझी लेक घरी आल्यावर दोन दिवस तशीच चालत होती. हळदीकुंकू बदक पण दाखवा, चोचीवर खरंच पिवळा आणि लाल रंग असतो, मुलांना नाव लगेच लक्षात राहतं. तिकडे पहाटे थंडी जबरदस्त असते, निफाडचा पारा एक आकडी होतो, कानटोपी-मोजे हवेतच. परत येताना रस्त्याला द्राक्षं घ्याल तर अख्खा मणी त्याला देऊ नका, उभे चार तुकडे करून द्या. शेंगदाणे-फुटाणे तर आणखी दोन-तीन वर्षं नकोच, घशात अडकतात, आणि चालत्या गाडीत किंवा पाठीवर असताना काहीच खायला देऊ नका कारण ठसका लागला तर आपल्याला दिसत नाही. अजून एक, त्या पट्ट्यात उसामुळे बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे मुलाला एकट्याला पुढे पळू द्यायचं नाही, शेताच्या कडेला शू करायला सोडायचं नाही आणि दिवस मावळायच्या आत निघायचं.

रामशेज आणि अंजनेरी हे किल्ले त्यानंतर. रामशेज जवळ आहे, फार उंच नाही. अंजनेरीला माकडं आहेत, हातात बिस्किटाचा पुडा धरून चालू नका. पावसाळ्यात शनिवार-रविवारी अंजनेरीला मी जातच नाही, गर्दी आणि निसरडं दोन्ही. धबधबा लांबून दाखवला तरी पोरं खूश असतात.

पाठीवरच्या कॅरिअरबद्दल विचारलंत. घ्या, पण त्यावर लिहिलेलं वजन बघून घ्या, पोरगं, पाणी, कपडे सगळं मिळून त्यात बसलं पाहिजे. चढताना आपण घामाघूम होतो आणि मागे पोरगं एका जागी बसून गारठतं, म्हणून आपल्या अंदाजावर जाऊ नका, मधेमधे त्याच्या मानेला आणि पावलांना हात लावून बघत जा. उन्हात उलटं, टोपी आणि पाणी सतत. पाय अवघडतात म्हणून मधूनमधून खाली उतरवा, आणि उतारावर काठी घ्या कारण तोल मागे जातो.

बाईकवर नेणार असाल तर ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि आपल्याला बांधायचा हार्नेस लागतो, वेग ४० च्या आत, हा नियम २०२३ पासून लागू आहे. लोक पाळत नाहीत, तुम्ही पाळा. कळकळीने सांगतोय, चालवणाऱ्याच्या पुढे टाकीवर बसवलेलं झोपाळलेलं पोर बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो.

बॅगेत दोन जोडी कपडे, वेट वाइप्स, रिकामी पिशवी, ओआरएस, घरचा वरणभात किंवा थालीपीठ, बास. खेळणी नेऊ नका, तिथे काठ्या आणि दगड ढिगाने असतात. फक्त दगडाखाली हात घालू द्यायचा नाही, विंचू आणि फुरसं तिथेच असतं, आम्ही "आधी काठी, मग हात" एवढंच शिकवलंय आणि ती ते पाळते. पावसाळ्यानंतर झुडपांवर गुंजा दिसतात, लाल-काळ्या, चमकदार, कुठल्याही पोराला उचलून तोंडात घालाव्या वाटतील अशा, त्या विषारी असतात, दिसल्या की मूठ उघडून बघा. खाजकुयलीच्या शेंगा कशा दिसतात हेही माहीत करून घ्या. कातळकड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर तिथे आवाज न करता मागे फिरायचं, त्यात वाद नाही.

राहिलं रडणं. "आई पाहिजे" म्हणून रडेल, सुरुवातीला रडतातच. त्यावेळी मोबाईल देऊ नका आणि आईला व्हिडिओ कॉल तर मुळीच लावू नका, त्याने अजून वाढतं. खाली बसा, मांडीवर घ्या, पाणी पाजा, चालायचं सोडून द्या. बहुतेक वेळा भूक, झोप नाहीतर ओली चड्डी यातलं काहीतरी एक असतं. तरीही थांबत नसेल तर सरळ घरी या, पुढच्या शनिवारी परत तिथेच जा.