टायटनफॉल 2 खेळला नसंल तर आधी तो घे
भावा, परभणीत नेटची बोंब, लाईटचा नेम नाही, अन् तू कामून दीडशे जीबीच्या गेममागं पळायलास? टायटनफॉल 2 हा शूटिंग गेम घे आधी. 2016 च्या ऑक्टोबरात आला, आठवडाभर आधी बॅटलफिल्ड 1 अन् आठवड्यानं कॉल ऑफ ड्यूटी, या दोन मोठ्या शूटिंग गेमच्या मधी बिचारा चेंगरला (बॅटलफिल्ड तर त्याच कंपनीचा, घरच्यानंच पाय ओढला). स्टोरी सहा-एक तासाची, पण ती मनगटावरच्या यंत्राची लेव्हल, बटण दाबलं की पडकी लॅब एकदम चकाचक, जुना काळ, परत दाबलं की आग अन् मोडतोड, अन् हे सगळं भिंतीवरून पळता पळता! ग्राफिक्स कार्ड जुनं असंल तर 2012 चा स्लीपिंग डॉग्ज, हाँगकाँगमधला, मारामारी लई भारी. सेल लागू दे मग घे, फुल रेट नको देऊ.