बॉस छळतोय, तक्रार कधी करू?

परत तेच प्रश्न आलेत. कंपनी जगभर पसरलेली, बॉस तिसऱ्याच टाइमझोनमध्ये, छळ मात्र रोजचा. मी नोकरदारांच्या बाजूने केस लढणारी वकील आहे, त्यामुळे उत्तरं त्याच अंगाने येणार.

प्रश्न: बॉस रात्री दोनला मेसेज टाकतो. लगेच उत्तर द्यायलाच हवं का?

तुमच्या करारात कामाचे तास आणि ऑन-कॉलबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. फ्रान्समध्ये २०१७ पासून 'राइट टू डिस्कनेक्ट', म्हणजे कामाच्या वेळेबाहेर मेल-मेसेजपासून दूर राहण्याचा हक्क आहे, पण कंपनी फ्रेंच आहे म्हणून तो तुम्हाला मिळत नाही, बहुतेक वेळा तुम्ही जिथे बसून काम करता तिथलाच कायदा लागतो.

प्रश्न: एचआर म्हणते सगळं कॉन्फिडेन्शियल राहील. विश्वास ठेवू?

नको. तक्रार करा, पण लेखी करा.

प्रश्न: मैत्रीण म्हणते बॉसचे कॉल गुपचूप रेकॉर्ड कर आणि सगळे मेल पर्सनल जीमेलवर पाठवून ठेव.

मैत्रिणीचे आभार माना आणि यातलं काहीही करू नका. कॅलिफोर्नियात खाजगी कॉल रेकॉर्ड करायला सगळ्यांची संमती लागते, जर्मनीत तर गुपचूप रेकॉर्डिंग हा गुन्हाच आहे, आणि तुमच्या कॉलवर कोण कुठल्या देशात बसलंय हे तुम्हालाही माहीत नसतं. मेल बाहेर पाठवले की डेटा चोरला म्हणून काढून टाकायला कंपनीला आयतं कारण मिळतं, मग बॉस राहतो बाजूला आणि खुलासे तुम्ही देत बसता.

प्रश्न: दीड वर्ष रीजनल हेड सगळ्यांसमोर अपमान करतोय, माझं काम दुसऱ्याच्या नावावर दाखवतो. आता पीआयपी (ठराविक मुदतीत काम सुधारून दाखवा, असा लेखी प्लॅन) लावलाय. बोनस हातात पडला की तक्रार करायची असं ठरवलंय. बरोबर ना?

अजिबात नाही, आणि हे "बोनसनंतर बघू" ऐकून ऐकून माझे कान किटलेत. दीड वर्ष तुम्ही गप्प होतात, पीआयपी आला, मग तक्रार केलीत, तर कंपनीचा वकील पहिलं वाक्य काय बोलणार? काम जमत नव्हतं म्हणून आता छळाची गोष्ट रचली. तुम्ही खरे असलात तरी तारखा तुमच्या विरोधात बोलतात.

आणि मुदती असतात हो! जर्मनीत लेखी बडतर्फी हातात पडल्यापासून ३ आठवड्यांत कोर्टात जावं लागतं. अमेरिकेत भेदभावाची तक्रार ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतला भेदभाव बघणाऱ्या सरकारी आयोगाकडे, १८० दिवसांत करायची, बऱ्याच राज्यांत ३००. एचआरची चौकशी चालू आहे म्हणून या मुदती थांबत नाहीत, आणि चौकशी लांबवणं कोणाच्या सोयीचं असतं ते तुम्हीच ओळखा. शिवाय अमेरिकेत नुसता खडूस बॉस बेकायदा नसतो, छळामागे वंश, लिंग, धर्म, वय, अपंगत्व असं काही आहे हे दाखवावं लागतं. फ्रान्समध्ये मानसिक छळाविरुद्ध २००२ पासून वेगळा कायदा आहे, फ्रान्स टेलिकॉम या फोन कंपनीच्या माजी सीईओसकट बड्या अधिकाऱ्यांना २०१९ मध्ये त्याखालीच शिक्षा झाली. म्हणजे तेच वागणं एका देशात केस, दुसऱ्यात नुसतं नशीब.

नोंद आजपासून ठेवा, त्याच दिवशी, स्वतःच्या वहीत. "बॉस फार वाईट वागला" ही नोंद नव्हे. नोंद म्हणजे: १४ तारीख, सकाळचा टीम कॉल, सहावी स्लाइड, 'हे कॉलेजच्या पोरानेही नीट केलं असतं', कॉलवर सातजण, त्यांची नावं. मग बॉसला साधा मेल, "आजच्या कॉलमध्ये तुम्ही मला क्लायंट रिव्ह्यूमधून काढल्याचं सांगितलंत, कारण कळवाल का?" उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तरी मेल राहतो. पीआयपीवर सही मागितली तर "मिळाला, मान्य नाही" असं लिहूनच करा. आणि या आठवड्यात तुम्ही काम करता तिथल्या वकिलाला भेटा, बोनसचं कलमही त्यालाच दाखवा.

प्रश्न: 'टॉक्सिक बॉस सर्व्हायव्हल'चा ऑनलाइन कोर्स केलाय. त्याचं सर्टिफिकेट केसमध्ये चालेल?

फ्रेम करून भिंतीवर चालेल. तुमच्या भीतीवर धंदा करणारे हे लोक शेवटी "अजून लवचिक व्हा" एवढंच शिकवतात, म्हणजे दोष फिरून तुमचाच. झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल तर डॉक्टरकडे जा, आधी तब्येतीसाठी, आणि ती नोंद केसमध्येही कामाला येते. फक्त "बर्नआउट" एवढाच शब्द लिहून आणू नका, डब्ल्यूएचओच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात तो आजार म्हणून धरलेला नाही, कामाशी संबंधित स्थिती म्हणून आहे. नेमकं निदान डॉक्टरांना करू द्या.

प्रश्न: राजीनामा दे, तीन पगार देतो, शुक्रवारपर्यंत सही कर म्हणतायत. मी अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे.

शुक्रवार त्यांनी ठरवलाय, कायद्याने नाही. लेखी मुदतवाढ मागा. त्या कागदात बहुधा "पुढे दावा करणार नाही, कंपनीबद्दल वाईट बोलणार नाही" असं असतं आणि सही झाली की फिरवणं फार अवघड. नोकरी संपली की व्हिसावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, म्हणून शेवटची तारीख कुठली पडते ते पगाराच्या आकड्याआधी बघा. वकील दोन लागतील, एक नोकरीचा, एक इमिग्रेशनचा. फोन आजच करा.