ठिपक्यांची रांगोळी पाहताक्षणी सोपी आणि सुबक का वाटते?

गोदाघाटावरच्या पाडव्याच्या रांगोळीत इतके ठिपके असूनही ती नजरेला सोपी का वाटते, या आपल्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर मला गार्नर आणि क्लेमेंट या मानसशास्त्रज्ञांच्या १९६३ च्या प्रयोगात सापडते. तीन ओळी आणि तीन रकाने यांच्या चौकटीत पाच ठिपके मांडून त्यांनी लोकांना प्रत्येक आकृती किती सुबक वाटते हे विचारले. अधिकच्या चिन्हासारख्या ज्या आकृत्या फिरवल्या किंवा आरशात पाहिल्या तरी तशाच राहतात, त्या अधिक सुबक ठरल्या. फिरवून किंवा आरशात पाहून ज्यांची आठ वेगवेगळी रूपे होतात, त्या मागे पडल्या. ठिपके दोन्हीकडे पाचच होते, म्हणजे सोपेपणा संख्येवर नव्हे, तर आकृतीला किती पर्यायी रूपे संभवतात यावर अवलंबून असतो, आणि हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

जवळचे आणि सारखे ठिपके मन एकत्र बांधते, हे मानसशास्त्रज्ञ वेर्टहायमर यांनी १९२३ मध्येच मांडले होते.

शिवाय उभ्या अक्षाभोवतीची सममिती (डावी आणि उजवी बाजू एकमेकींचे प्रतिबिंब असणे) आडव्या अक्षाभोवतीच्या सममितीपेक्षा सहसा लवकर लक्षात येते. त्यामुळे दोन समोरासमोरचे मोर काढताना त्यांच्यामधली रेषा पाहणाऱ्याला उभी दिसेल, अशी मांडणी करावी.