चकमक, खटला आणि आपली मतं : वाचकांचे प्रश्न

पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंचे खटले आम्ही गेल्या अंकात मांडले होते. त्यावर आलेल्या पत्रांचे सरळ दोन गट पडतात. एक गट विचारतो, गुन्हेगार मेला तर खटला कशाला? दुसरा म्हणतो, पोलीस सुटणारच, मग खटला कशाला? दोन्ही गटांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांची आहेत.

हैदराबादला २०१९ मध्ये पशुवैद्यक तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातल्या चार आरोपींना पोलिसांनी मारलं तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आमच्या घरात यावरून अजून दोन तट आहेत. ज्यांनी इतका अमानुष गुन्हा केला, त्यांच्यासाठी पोलिसांना पिंजऱ्यात का उभं करायचं? (वाचक, नांदेड)

तुमच्या प्रश्नातले ‘ज्यांनी गुन्हा केला’ हे शब्द आधी तपासू या. ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे ते चौघे मारले गेले तेव्हा अटकेला जेमतेम आठवडा झाला होता आणि दोषारोपपत्रही दाखल झालं नव्हतं. गुन्हा त्यांनीच केला की नाही, हे आता कुठलंच न्यायालय ठरवू शकत नाही. पीडितेच्या घरच्यांनाही निकाल मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाचा अहवाल मे २०२२ मध्ये उघड झाला. पोलिसांनी जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या, आरोपींनी शस्त्रं हिसकावल्याची हकिकत पटणारी नाही, चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असे त्याचे निष्कर्ष होते. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारसही त्यात होती.

आता तुमच्या घरातल्या वादाचं मूळ. दोन्ही तट मेलेल्या माणसाबद्दल बोलत असतात. तो नराधम होता, की बिचारा होता? न्यायालयापुढचा प्रश्न मात्र गोळी सुटली त्या काही सेकंदांपुरता असतो. त्या क्षणी पोलिसाच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका होता का आणि तो टाळायला तेवढंच बळ लागणार होतं का?

खासगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि तो पोलिसांना तुमच्याआमच्याइतकाच मिळतो. कलम ३८ सांगतं की समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी पोहोचतो. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती हे त्यातलं मुख्य कारण. कलम ३७ त्याला वेसण घालतं : बचावापुरतं जितकं लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. अटक करताना लागेल ते बळ वापरायची मुभा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे. पण ज्या आरोपीवरच्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्याचा जीव घेण्याचा हक्क आपल्याला या कलमाने मिळतो असं कुणी समजू नये, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे. आणि जो आधीच बेड्यांत, पोलिसांच्या गराड्यात आहे, त्याच्याबाबत ‘अटकेसाठी बळ लागलं’ हे म्हणणं मुळातच लंगडं पडतं. मेलेल्याचा गुन्हा कितीही भयंकर असला तरी या हिशेबात तो धरला जात नाही. पूर्वी कधी गोळीबार केला असेल, तर ‘पोलिसाला वाटलेली भीती रास्त होती’ हे पटवायला त्याचा उपयोग होईल, तेवढाच.

माझा भाऊ पोलीस शिपाई आहे. असे खटले चालले तर उद्या कुणी शस्त्राला हात लावणार नाही. मनोधैर्याचा विचार कुणी करतं का? (वाचक, सातारा)

कायद्याने तो केलेला आहे. पहिली गोष्ट, समोरून गोळी येईपर्यंत थांबायची सक्ती कायद्यात नाही. रास्त भीती पुरते. दुसरी, बचावाची बाजू आरोपी पोलिसाने मांडायची असली तरी ती वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावी लागत नाही. ‘असं घडलं असण्याची शक्यता जास्त’ इतकं दाखवलं की भागतं. तिसरी, कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ नुसार सरकारची पूर्वपरवानगी लागते. बनावट चकमक हे मात्र कर्तव्य नव्हे, तिथे हे कवच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात सांगितलं. चौथी, सद्‌हेतूने काम करताना अधिकाराची मर्यादा ओलांडली गेली आणि मनात वैर नसलं, तर गुन्हा खुनावरून सदोष मनुष्यवधावर उतरू शकतो (न्याय संहितेचं कलम १०१, अपवाद ३).

भावाला यातलं एक जरूर सांगा : प्रामाणिक पोलिसाला वाचवतो तो कागद. निघण्यापूर्वी पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत वेळेसह नोंद. मिळालेली खबर लेखी, निदान संकेतरूपाने. खबऱ्याचं नाव लिहायची गरज नसते. शस्त्र घेताना नोंदवहीत शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या. गोळी सुटल्यावर लगेच बिनतारी संदेश आणि जखमीला रुग्णालयात हलवणं. त्यानंतर शस्त्र पुसायचं नाही, उरलेली काडतुसं काढून मोजत बसायचं नाही, जसं आहे तसं तपास पथकाकडे द्यायचं. सगळ्यांनी बसून एकसारखे जबाब लिहायचे नाहीत. शब्दाला शब्द जुळणारे सहा जबाब उलटतपासणीत सगळ्यांत आधी फाटतात, आणि खरं बोलणाराही त्यात भरडला जातो.

पोलीस निर्दोष सुटले म्हणजे चकमक खरी होती, असं शेजारी म्हणतात. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. (वाचक, पुणे)

निर्दोष सुटका म्हणजे सरकारी पक्षाला वाजवी संशयापलीकडे गुन्हा सिद्ध करता आला नाही. त्याहून जास्त अर्थ काढायचा असेल तर निकालपत्र वाचावं लागतं. ‘संशयाचा फायदा’ आणि ‘बचावाचा हक्क सिद्ध झाला’ या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

असे खटले बहुतेकदा पहिल्या चोवीस तासांतच हरले जातात. चकमकीनंतर गुन्हा नोंदवला जातो तो मेलेल्याच्या नावावर : पोलिसांना ठार मारण्याचा प्रयत्न. आरोपीच मृत, म्हणून प्रकरण बंद. ‘मृत्यू कसा झाला’ याचा स्वतंत्र तपास होतच नाही. हे थांबावं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १६ सूचना घालून दिल्या. खटला मुंबईतल्या चकमकींचाच होता. गुन्हा नोंदवायचाच, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा आणि त्याचा प्रमुख चकमक पथकाच्या प्रमुखापेक्षा निदान एक पायरी वरचा हवा, शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी, चित्रीकरणासह, शस्त्रं तपासणीसाठी जमा, घटनेनंतर लगेच पदक किंवा बढती नाही.

प्रत्यक्षात काय हुकतं? हात. गोळी झाडणाऱ्याच्या हातावर शिसं, बेरियम आणि अँटिमनीचे सूक्ष्म कण बसतात. ‘मृताने आमच्यावर गोळी झाडली’ हा दावा असेल तर त्याच्या हातांवर कागदी पिशव्या बांधून, शव धुण्याआधी नमुने घ्यायला हवेत. जिवंत माणसाच्या हातावरून हे कण हात धुतले, खिशात घातले तरी जातात, म्हणून पोलिसांचे नमुनेही काही तासांतच घ्यावे लागतात. कण सापडले नाहीत म्हणजे गोळी झाडलीच नाही, असं मात्र ठरत नाही. शेजारी कुणी गोळी झाडली तरी हातावर कण येऊ शकतात, हेही लक्षात ठेवावं.

मग अंतर. नळी त्वचेला टेकवून झाडलेल्या गोळीची जखम वेगळीच दिसते : कडा फाटलेल्या, आत काजळी, कधी नळीचा ठसा. पिस्तुलाच्या गोळीभोवती काजळी दिसली तर अंतर काही इंचांचं. न जळलेल्या बंदुकीच्या दारूचे टोचल्यासारखे ठिपके असतील तर साधारण दोन फुटांच्या आतलं. त्यापलीकडून आलेल्या गोळीभोवती यातलं काहीच नसतं. नेमका आकडा शस्त्र आणि काडतुसानुसार बदलतो, म्हणून त्याच शस्त्राने चाचणी घ्यावी लागते. गोळी कपड्यातून गेली असेल तर हे सगळं कपड्यावर राहतं आणि त्वचा स्वच्छ दिसते. तो शर्ट ओला असताना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की बुरशी धरते आणि पुरावा संपतो. सावलीत वाळवून कागदात बांधायचा, ही साधी गोष्ट. गोळी पाठीत घुसली एवढ्यावरूनही निकाल लागत नाही, कारण वळता वळता माणसाला गोळी लागू शकते. पण तीन जखमा, तिन्ही वरून खाली जाणाऱ्या आणि जवळून झाडलेल्या असतील, तर ‘तो उभा राहून गोळीबार करत होता’ हे सांगणं अवघड होतं.

पुंगळ्यांचंही तसंच. पिस्तूल पुंगळी बाहेर फेकतं, रिव्हॉल्व्हर आतच ठेवतं. मृताच्या हातात रिव्हॉल्व्हर दाखवायचं आणि पंचनाम्यात त्याच्या जागेभोवती त्याच मापाच्या पुंगळ्या विखुरलेल्या दाखवायच्या, अशी विसंगती चांगल्या वकिलाच्या नजरेतून सुटत नाही.

आणि तरीही सत्य कधी कधी तग धरतं. लखनभैया प्रकरणात ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया हा माणूस वाशीतून उचलला गेला आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात ‘चकमक’ झाली. मधल्या तासांत त्याच्या वकील भावाने पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवून ठेवले होते. ज्याला पळवून नेल्याची तक्रार संध्याकाळीच पोहोचली होती, तो नंतर स्वतःहून शस्त्र घेऊन कसा आला, याचं उत्तर देता येईना. मुख्य प्रत्यक्षदर्शी २०११ मध्ये साक्षीआधीच बेपत्ता झाला आणि मग त्याचा मृतदेहच सापडला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवलं आणि एका माजी अधिकाऱ्याला सोडलं. १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने त्याची सुटका रद्द करून त्याला जन्मठेप दिली आणि सहा जणांना निर्दोष ठरवलं. एकाच प्रकरणात दोन न्यायालयांचे निकाल दोन्ही दिशांनी फिरले. शेजाऱ्यांना एवढं सांगितलं तरी पुरे.

दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलीस जबाबदार ठरले, तरी अटक का होत नाही? (वाचक, कल्याण)

कारण ती चौकशी म्हणजे खटला नव्हे. कोठडीत मृत्यू झाला की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार पोलीस तपासासोबतच दंडाधिकाऱ्याने स्वतंत्र चौकशी करायची असते. मृत्यूचं कारण आणि परिस्थिती शोधणं एवढंच तिचं काम. शिक्षा देण्याचा अधिकार तिला नाही. अहवाल आला की गुन्हा नोंदवून तपास व्हायला हवा आणि तिथेच गाडी अडते. बदलापूर प्रकरणातल्या आरोपीच्या २३ सप्टेंबर २०२४ च्या मृत्यूबाबत हेच झालं : अहवाल हातात असूनही पुढे हालचाल व्हायला उच्च न्यायालयाला एप्रिल २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला.

मोबाइलवर फिरणारा मारहाणीचा व्हिडिओ न्यायालयात चालतो का? (वाचक, अकोला)

फिरणारा सहसा चालत नाही. ज्या फोनवर चित्रित झाला त्या फोनमधला चालतो. संदेशाच्या अॅपमधून पाठवताना फाइल लहान होते आणि वेळ, ठिकाण, उपकरण यांच्या नोंदी गळून पडतात. मूळ फाइलचं नाव बदलू नका, कापू नका, आवाज वाढवू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून संगणकाने काढलेला, बोटाच्या ठशासारखा ओळख-संकेत) नोंदवायचं असतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी ते बदलतं. व्हिडिओ सुरू होण्याआधी काय घडलं, हा बचाव पक्षाचा पहिला प्रश्न असतो, म्हणून आजूबाजूच्या दुकानांचं, टोलनाक्याचं चित्रीकरणही मागवा. तेही लवकर, कारण खासगी कॅमेऱ्यांची साठवण थोड्या दिवसांत पुसली जाते. पोलीस ठाण्यातलं चित्रीकरण १८ महिने, ते शक्य नसेल तिथे किमान एक वर्ष जपायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं तर तो कधीपासून बंद होता आणि दुरुस्तीची तक्रार कधी केली, हे लेखी विचारा.

असा मृत्यू ओळखीच्या घरात झाला तर नातेवाइकांनी पहिल्या दोन दिवसांत काय करावं? (वाचक, परभणी)

मृतदेह घाईने ताब्यात घेऊ नका आणि दहन तर मुळीच करू नका. दुसऱ्यांदा शवविच्छेदन मागायची वेळ आली तर शव हवं. दंडाधिकाऱ्याच्या चौकशीची खबर नातेवाइकांना शक्य तिथे द्यायची आणि त्यांना हजर राहू द्यायचं, असं कलम १९६ सांगतं. हजर राहण्याचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. शव पाहायला मिळेल तेव्हा मनगटं, तळपाय, पाठ, कानामागची जागा यांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. रक्ताचे कपडे कुणी घरी परत दिले तर धुऊ नका.

तक्रार ठाण्यात द्या. घेतली नाही तर ती टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, त्यानंतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली दंडाधिकाऱ्याकडे जा. अर्जाला शपथपत्र जोडावं लागतं आणि हे टप्पे चुकवले तर अर्ज तिथेच फेटाळला जातो. लोकसेवकाविरुद्धच्या तक्रारीत दंडाधिकारी आधी वरिष्ठांचा अहवाल मागवतो, त्यात वेळ जातो हे धरून चला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे वर्षभराच्या आतच जाता येतं. आणि माणसाला घरातून नेलं त्या क्षणापासूनची प्रत्येक वेळ एका कागदावर लिहून काढा : कोण आलं, गाडीचा क्रमांक काय, कुणाला किती वाजता फोन केला. त्यावर तारीख घालून त्याच दिवशी तो कागद स्वतःलाच मेल करा.