‘अंदाजे’ म्हणजे नेमके किती?

प्रश्न : ताई, आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला ‘अंदाजे दीड लाख’ असं तोंडी सांगितलं होतं. डिस्चार्जच्या दिवशी हातात २ लाख ४० हजारांचं बिल पडलं. खर्च आधी लेखी मागायचा हक्क मला होता का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : होता, दादा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत अपेक्षित खर्च लेखी कळवणं हे रुग्णालयाचं कर्तव्य म्हटलं आहे. उपचार बदलल्याने खर्च वाढला, तर तेही लेखी. आपल्या राज्यात २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. त्यानुसार खासगी रुग्णालयाने रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावलंच पाहिजे.

मी अकरा वर्षं बिलिंगच्या खिडकीत बसले. तोंडी आकड्यात बहुतेकदा ऑपरेशन आणि खोलीभाडंच धरलेलं असायचं. बसवायचा सांधा, औषधं, भूलतज्ज्ञांची फी, आयसीयूचा जादा दिवस, हे सगळं बाहेर. म्हणून मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगते : ‘यात काय धरलेलं नाही?’ उत्तर कागदावर घ्यायचं, सही-शिक्क्यासकट. आईला स्ट्रेचरवर ठेवून हे विचारायची लाज वाटते, ठाऊक आहे मला. ती लाज मी खिडकीतून रोज पाहिली आहे.

आता तपशीलवार बिल मागा, तोही हक्कच आहे. पटलं नाही, तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार द्या. महापालिका हद्दीत असाल तर तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.