ईए स्पोर्ट्स एफसी या फुटबॉल गेममध्ये अल्टिमेट टीम (खेळाडूंची कार्डं जमवून संघ बांधायचा प्रकार) नव्याने सुरू करतोयस? आधी गेममधली नाणी सांभाळ

खऱ्या पैशाचे पॅक (कार्डांची बंद पाकिटं) घेऊ नकोस. आत येतं ते बहुतेक चिल्लर, आणि सप्टेंबरमध्ये नवा गेम आला की जुना संघ तिथे येत नाही.

ट्रान्सफर मार्केटमध्ये, म्हणजे नाण्यांत कार्डं घ्यायच्या-विकायच्या बाजारात, विक्रीवर ५ टक्के कर कापला जातो. १०,००० ला घेतलेला खेळाडू १०,५०० ला विकलास तर हातात ९,९७५ येतात, म्हणजे तोटाच. त्यापुढची बोली १०,७५० ची, तिथून फायदा. गुरुवारी रायव्हल्सची (ऑनलाइन सामन्यांच्या स्पर्धेची) बक्षिसं उघडतात, बाजारात माल वाढतो, भाव पडतात. खरेदी तेव्हा कर.

केमिस्ट्रीत (संघातल्या खेळाडूंच्या आपसातल्या जुळणीत) नवखे हमखास अडकतात. खेळाडूला जास्तीत जास्त ३ गुण, संघाला ३३. एका क्लबचे २, एका देशाचे २ किंवा एका लीगचे ३ खेळाडू असले की पहिला गुण. जागा चुकली तर शून्य, कार्ड कितीही भारी असो.

एसबीसीत (ठरलेल्या अटींचा संघ जमवून द्यायचा आणि बक्षीस घ्यायचं) विकता न येणारी कार्डं आधी खपव. खरी मजा इव्होल्यूशनमध्ये: साधा आवडता खेळाडू हळूहळू तगडा होतो.

आणि नाशिकच्या पावसाळ्यात लाइट गेली तर सामना हरल्यातच धरतात, त्यामुळे राउटर इन्व्हर्टरवर असून भागत नाही, कन्सोलही हवा.