सहा चाकी दूध टँकर वळणावर उतरतो? रूळ उखडू नका

तुमची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. मॉडेल रेल्वेचा 1:76 चा (म्हणजे खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्शाएवढा) ब्रिटिश दूध टँकरचा डबा, किटमधून जोडलेला. सरळ रुळावर गुणी बाळासारखा धावतो आणि वळण आलं की मधलं चाक रुळावर चढतं. आता तुम्ही अख्खं वळण उखडायचं म्हणताय. थांबा हो! मी उखडलं होतं, तेही दोनदा. बाकीचे डबे त्याच वळणावरून बिनबोभाट जात होते, तेव्हाच डोक्यात उजेड पडायला हवा होता.

गेज (दोन रुळांमधलं अंतर), सांधे वगैरे तुम्ही तपासलंच असेल, त्यात शिरत नाही.

माझा गाढवपणा असा : मधल्या ॲक्सलला (चाकांच्या जोडीच्या दांड्याला) आडवा प्ले, म्हणजे डावी-उजवीकडे सरकायची मोकळीक होती, तो मला किटचा ढिसाळपणा वाटला. दोन्हीकडे वॉशर सरकवले, वर फेविक्विकचा थेंब. छान घट्ट बसलं! आता हिशोब बघा. माझ्या टँकरच्या टोकाच्या दोन ॲक्सलमध्ये 52 मिमी अंतर आहे. 438 मिमी त्रिज्येच्या वळणावर मधला ॲक्सल जवळजवळ पाऊण मिलिमीटर बाजूला सरकावाच लागतो. 371 च्या वळणावर तर 0.9 मिमी. तो सरकू शकला नाही की चाकाची कड रुळावर चढणारच. फेविक्विक सोडवताना माझी चौकट तुटली ती वेगळीच.

म्हणून मधल्या ॲक्सलला दोन्ही बाजूंना किमान एक मिमी मोकळीक द्या. डबा काचेवर ठेवून बघा : मधली चाकं टेकली पाहिजेत, पण वजन टोकाच्या चाकांवर हवं. मधली जरा जरी खाली आली तरी डबा झोपाळ्यासारखा डुलतो. वजनासाठी टायरवाल्याकडचे चाक बॅलन्सिंगचे जुने तुकडे मागून आणा, टाकीत दोन टोकांना चिकटवा. (माझा अनुभव माझ्या किटचा आहे. तुमचं किट वेगळं असेल तर आधी मोजा, मग कापा.)

मधली चाकं काढूनच टाकू का, असं विचारलंत. तुमचा डबा, तुमची मर्जी, पण मला ते बघवणार नाही. 1927 साली ब्रिटनमध्ये दुधाच्या टाक्या रुळावर आल्या त्या चार चाकीच होत्या. 3000 गॅलन म्हणजे नुसतं दूधच 14 टन, आणि गाडी पॅसेंजरच्या वेगाने पळणार. आत दूध हिंदकळायचं, डबा झोके घ्यायचा. म्हणून तर तिसरा ॲक्सल आला. तोच काढायचा म्हणजे गणपतीची सोंड कापण्यासारखं आहे.

जाता जाता. दुसरं किट मागवाल तर पाठवणाऱ्याला खोक्यावर 'प्लास्टिकचं खेळणं' असंच लिहायला सांगा. माझ्या खोक्यावर 'मिल्क टँक' होतं. पार्सल सोडवणाऱ्या एका कार्यालयाने माझ्याकडे अन्नपदार्थ आयातीचा परवाना मागितला! तीन खेपा, वर गोदामभाडं. खोकं उघडून दाखवतो म्हटलं तर साहेब म्हणाले, "आधी कागद आणा."

रंगाचं म्हणाल तर आधी साल ठरवा. टाकी डेअरीची आणि खालची चौकट रेल्वेची, अशी तिथली वाटणी होती. त्यामुळे महायुद्धाआधीचा डबा हवा असेल तर टाकीवर डेअरीचं नाव मिरवा. साठ-सत्तरच्या दशकातला हवा असेल तर बिनधास्त मळवा, फक्त मधल्या ॲक्सलला रंग लागू देऊ नका. वाळला की तोही फेविक्विकच.